हौस आणि उपजीविका : स्त्रियांच्या फुटबॉलची शंभर वर्षे

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील प्रेस्टन या गिरण्यांच्या शहराचे नाव फुटबॉलच्या इतिहासात दोनदा ठळकपणे येते, आणि दोन्ही वेळा ते पैशाच्या संदर्भात येते. १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड या संघाविरुद्ध अशी तक्रार झाली, की तो आपल्या खेळाडूंना गुपचूप मोबदला देतो. संघाचे चालक विल्यम सडेल यांनी ती गोष्ट नाकारली नाही. संघ त्या वर्षीच्या एफ. ए. चषक स्पर्धेतून बाद झाला. परंतु उत्तरेकडील गिरणीशहरांच्या संघांनी असा रेटा लावला, की १८८५ च्या जुलैत लंडनच्या फुटबॉल असोसिएशनला खेळाडूंचा मोबदला काही अटींवर मान्य करावा लागला. गिरणीत राबणाऱ्या माणसाने खेळायचे तर त्याचा बुडालेला रोज कोणी तरी भरून दिला पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

दुसरा प्रसंग त्यानंतर ३६ वर्षांनी घडला. त्याच शहरात, त्याच डीपडेल मैदानावर नावारूपाला आलेल्या एका स्त्रियांच्या संघातील खेळाडूंना सामन्यागणिक दहा शिलिंग मिळत असत. बुडालेल्या रोजाची भरपाई हेच त्या रकमेचेही स्वरूप होते. या वेळी मात्र असोसिएशनने मोबदल्याचा प्रश्न सोडवला नाही. तिने मैदानेच बंद केली, आणि ती जवळजवळ अर्धशतक बंद राहिली.

या दोन निर्णयांमधील अंतर ध्यानात घेतल्याशिवाय स्त्रियांच्या फुटबॉलमधील व्यवसायाचा इतिहास नीट समजत नाही. स्त्रीने खेळावे याला समाजाचा आक्षेप होताच. पण तो आक्षेप प्रसंगी शिथिल होत असे. खेळ करमणुकीसाठी किंवा दानधर्मासाठी असेल तोवर तो कौतुकाचाही विषय ठरे. स्त्री त्या खेळावर जगू पाहते, त्याच्या उत्पन्नात आणि कारभारात वाटा मागते, असे दिसताच तो आक्षेप कठोर होई. हौस आणि उपजीविका यांमधील ही सीमारेषा कोणी आखली व ती ओलांडण्यासाठी कोणाला काय मोजावे लागले, हे पाहणे म्हणूनच उद्‌बोधक ठरते.

या इतिहासाचा आरंभ महायुद्धाच्या बराच आधीचा आहे. २३ मार्च १८९५ रोजी लंडनच्या क्राउच एंड भागात ‘ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब’ या मंडळाने उत्तर विरुद्ध दक्षिण असा सामना भरविला. सुमारे दहा हजार प्रेक्षक जमले होते आणि उत्तरेच्या संघाने तो ७-१ असा जिंकला. मंडळाच्या अध्यक्षपदी लेखिका व स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या लेडी फ्लॉरेन्स डिक्सी होत्या, तर संघाची सूत्रे नेटी हनीबॉल या नावाने वावरणाऱ्या स्त्रीकडे होती. हे नाव बहुधा टोपणनाव असावे, असे अभ्यासक मानतात. पहिल्याच पिढीतील संघनायिकेला स्वतःच्या नावाने खेळणे अवघड वाटावे, ही बाब त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. वृत्तपत्रांनी खेळापेक्षा पोशाखाचीच चर्चा अधिक केली.

पहिल्या महायुद्धाने ही परिस्थिती बदलली. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत स्त्रिया आल्या. प्रेस्टनचा ‘डिक, कर’ हा आगगाडीची इंजिने व ट्रामगाड्या बनविणारा कारखाना दारूगोळा तयार करू लागला. जेवणाच्या सुटीत तेथील कामगार मुली पुरुष सहकाऱ्यांबरोबर चेंडू खेळत. कचेरीत काम करणाऱ्या आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी त्यांचा संघ बांधला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर या संघाने दुसऱ्या एका कारखान्याच्या स्त्रियांना ४-० असे हरविले. दहा हजार प्रेक्षक आले आणि जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी २०० पौंड जमले.

युद्ध संपले, कारखान्यांतील पुष्कळशा स्त्रियांना घरी पाठविण्यात आले. संघ मात्र टिकला. १९२० मध्ये फ्रान्समधील स्त्रियांचा संघ इंग्लंडला आला. त्या संघाची धुरा वाहणाऱ्या आलिस मिलिया यांनी पुढे स्त्रियांच्या ऑलिंपिकसाठी मोठा झगडा दिला. त्याच वर्षी प्रेस्टनचा संघ परतभेटीसाठी फ्रान्सला गेला. डिसेंबरमध्ये डीपडेलवर लष्कराच्या शोधदिव्यांच्या उजेडात रात्रीचा सामना झाला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सेंट हेलेन्सच्या संघाशी झालेल्या सामन्याला ५३ हजार प्रेक्षक हजर होते, आणि आत जागा न मिळाल्यामुळे हजारो लोक बाहेर राहिले. उत्पन्न ३ हजार पौंडांहून अधिक झाले. पुढील वर्षी खाणमालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा स्त्रियांच्या सामन्यांचे उत्पन्न उपाशी खाणकामगार कुटुंबांकडेही वळू लागले. जखमी सैनिकांसाठी जमणारा पैसा आणि टाळेबंदीत अडकलेल्या कामगारांसाठी जमणारा पैसा यांकडे सत्ताधारी वर्ग एकाच दृष्टीने पाहील, हे संभवनीय नव्हते.

५ डिसेंबर १९२१ रोजी असोसिएशनने ठराव केला. त्याचे दोन भाग होते. हा खेळ स्त्रियांना सर्वथा अयोग्य असून त्याला उत्तेजन देऊ नये, हा पहिला. सामन्यांच्या उत्पन्नाचा अवाजवी भाग खर्चापोटी जातो व धर्मादाय कार्याला पुरेसा पोचत नाही, हा दुसरा. या कारणांस्तव संलग्न संघांनी आपली मैदाने स्त्रियांच्या सामन्यांना देऊ नयेत, असे फर्माविण्यात आले. पहिल्या भागाला काही डॉक्टरांच्या मतांचा आधार होता. मातृत्वाला धोका पोचेल, अशी भीती तेव्हा वारंवार व्यक्त केली जाई. ठरावाचा इतिहास सांगताना बहुधा या पहिल्याच भागाचा उल्लेख होतो. परंतु दुसरा भाग अधिक बोलका आहे. ‘खर्च’ या शब्दाखाली जे आक्षेपार्ह ठरले, त्यात त्या दहा शिलिंगांचाही अंतर्भाव होता. पुरुष खेळाडूंचा पगार तोवर ३६ वर्षे कायदेशीर होता. स्त्रियांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र दानातील गळती ठरली.

बंदी खेळावर नव्हती, मैदानांवर होती, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. माळरानावर किंवा सार्वजनिक बागेत खेळायला कोणी अडवीत नव्हते. पण प्रेक्षकांना बसायला जागा, तिकिटाची खिडकी आणि अधिकृत पंच यांवाचून सामना भरू शकतो. त्याचा व्यवसाय होऊ शकत नाही. ठरावाने नेमकी ही व्यवस्थाच काढून घेतली. त्याच महिन्यात स्त्रियांच्या संघांनी ‘इंग्लिश लेडीज फुटबॉल असोसिएशन’ स्थापन केली आणि १९२२ मध्ये आपली चषक स्पर्धाही पार पाडली. परंतु मैदानांवाचून ती संघटना फार काळ तग धरू शकली नाही. १९२२ मध्येच प्रेस्टनचा संघ अटलांटिक ओलांडून गेला. कॅनडात त्याला खेळू देण्यात आले नाही. अमेरिकेत त्याच्यापुढे पुरुषांचे संघ उभे करण्यात आले, आणि त्यांच्याशीही त्याने बरोबरीची झुंज दिली.

या निर्णयाचा अर्थ एका खेळाडूच्या आयुष्यात पाहता येतो. सेंट हेलेन्स येथे १९०५ मध्ये जन्मलेल्या लिली पार चौदाव्या वर्षी प्रेस्टनच्या संघात आल्या. डाव्या बगलेवरून खेळणाऱ्या पार यांच्या फटक्यातील जोराची आख्यायिका झाली होती. बंदी आली तेव्हा त्यांचे वय १६ होते. त्यानंतरची ३० वर्षे, म्हणजे १९५१ पर्यंत, त्या खेळत राहिल्या. पण त्यांची उपजीविका व्हिटिंगहॅम येथील मनोरुग्णालयातील परिचारिकेच्या नोकरीवर चालली. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने २००२ मध्ये त्यांना मानाच्या दालनात स्थान दिले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. २०१९ मध्ये त्यांचा पुतळाही उभा राहिला. ज्या हयातीत मोबदला मिळायचा, ती मोबदल्यावाचून गेली. सन्मान मात्र निधनानंतर आले. त्यांचा संघही ‘प्रेस्टन लेडीज’ या नावाने चालत राहून १९६५ मध्ये विसर्जित झाला.

इंग्लंडचे उदाहरण अपवादात्मक नव्हते. ब्राझीलमध्ये १९४१ च्या सरकारी फर्मानाने स्त्रियांना हा खेळ निषिद्ध झाला आणि तो निर्बंध १९७९ पर्यंत राहिला. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने १९५५ मध्ये अशीच बंदी घातली व १९७० मध्ये ती उठविली. ज्या देशांत फुटबॉल राष्ट्रीय अभिमानाचा विषय बनला, तेथेच स्त्रियांना त्यापासून दूर ठेवण्याची निकड अधिक भासली, असे दिसते.

बंदी उठविण्यामागे मैदानाबाहेरील कष्ट होते. १९६७ मध्ये टॉटनहॅम संघाच्या विजयाची मिरवणूक पाहून आलेल्या पॅट्रिशिया ग्रेगरी या तरुणीने स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहून विचारले, की मुलींनी फुटबॉल का खेळू नये? उत्तरादाखल मुलींचीच पत्रे आली; त्यांना तिच्या संघात यायचे होते. संघ तर अस्तित्वातच नव्हता. तो उभा करताना त्यांना कळले, की स्त्रियांना मैदान भाड्याने मिळत नाही आणि अधिकृत पंचही मिळत नाही. आर्थर हॉब्ज यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये ‘विमेन्स फुटबॉल असोसिएशन’ उभी राहिली. ग्रेगरी यांनी तिचे चिटणीसपद अनेक वर्षे मानद म्हणून सांभाळले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी बंदी मागे घेतली गेली. १८ नोव्हेंबर १९७२ रोजी इंग्लंडच्या स्त्रियांनी स्कॉटलंडविरुद्ध आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३-२ असा जिंकला. पुरुषांचा असा पहिला सामना त्याच दोन देशांत बरोबर शंभर वर्षांपूर्वी झाला होता.

प्रेक्षक नव्हते, म्हणून पैसा नव्हता, ही सबब तेव्हाही टिकणारी नव्हती. १९७१ मध्ये मेक्सिकोत खासगी पुरस्कर्त्यांनी भरविलेल्या अनधिकृत विश्वस्पर्धेचा अंतिम सामना आझ्तेका मैदानावर सुमारे एक लाख दहा हजार लोकांनी पाहिला. डेन्मार्कने तो ३-० असा जिंकला. ज्यांना खेळातच आयुष्य घालवायचे होते, त्यांना देश सोडावा लागे. स्कॉटलंडच्या रोझ रायली प्रथम फ्रान्सला व तेथून इटलीला गेल्या, तेथे मानधनावर खेळल्या आणि पुढे इटलीच्या राष्ट्रीय संघातूनही उतरल्या.

अधिकृत मान्यतेसाठीही कोणाला तरी व्यासपीठावर उभे राहावे लागले. १९८६ मध्ये मेक्सिको शहरात भरलेल्या फिफाच्या महासभेत नॉर्वेच्या एलेन विले यांनी स्त्रियांच्या विश्वचषकाची मागणी केली. त्या महासभेत बोलणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पाच वर्षांनी, १९९१ मध्ये, चीनमध्ये पहिली स्पर्धा झाली. तिचे सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचे ठेवण्यात आले होते. १९२१ च्या ठरावातील पहिला आक्षेप सत्तर वर्षांनी दहा मिनिटांच्या रूपाने उरला होता, असे म्हणता येईल.

दुसरा आक्षेप, म्हणजे मोबदल्याचा, अधिक चिवट निघाला. लंडनच्या फुलम संघाने २००० मध्ये स्त्री खेळाडूंना पूर्णवेळ पगारावर घेतले. तीन वर्षांनी ती व्यवस्था गुंडाळण्यात आली. अमेरिकेत १९९९ च्या विश्वविजयानंतर २००१ मध्ये सुरू झालेली व्यावसायिक लीग २००३ मध्ये बंद पडली. २००९ मध्ये दुसरी आली, तीही लवकरच आटोपली. २०१३ मधील तिसरी टिकली. इंग्लंडची विमेन्स सुपर लीग २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये पूर्णपणे व्यावसायिक बनली. पुरुषांच्या मोबदल्याला मान्यता मिळाल्यापासून हे अंतर १३३ वर्षांचे भरते.

अलीकडची भांडणे मोबदल्याच्या मोजमापाची आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातील खेळाडूंनी २०१९ मध्ये आपल्याच महासंघाविरुद्ध समान वेतनासाठी दावा लावला. २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरांवर तडजोड झाली. २०२२ मधील पुरुषांच्या विश्वचषकाची बक्षिसांची एकूण रक्कम ४४ कोटी डॉलर होती, तर २०२३ मधील स्त्रियांच्या विश्वचषकाची ११ कोटी. मातृत्वाचा प्रश्नही आता निराळ्या रूपात पुढे आला. १९२१ मध्ये मातृत्व हे खेळू न देण्याचे कारण होते. १ जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमांनी किमान १४ आठवड्यांची प्रसूतिरजा आणि त्या काळात किमान दोन-तृतीयांश वेतन हा व्यावसायिक खेळाडूंचा हक्क ठरविला. आइसलंडच्या सारा ब्यर्क गुनार्सदोत्तिर यांनी गरोदरपणातील थकलेल्या पगारासाठी फ्रान्सच्या लियाँ संघाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा फिफाच्या न्यायाधिकरणाने त्यांना ८२ हजारांहून अधिक युरो देवविले. मातृत्व आणि खेळ यांत निवड करावी लागू नये, ही गोष्ट अशा रीतीने प्रथमच रोख रकमेत मांडली गेली.

मैदानाबाहेरील पदांचा इतिहास याच रेषेवरून चालतो. १९९१ च्या पहिल्या स्पर्धेत ब्राझीलच्या क्लाउडिया वास्कोन्सेलोस यांनी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात मुख्य पंचाचे काम केले. पुरुषांच्या सामन्यांत मात्र स्त्रीच्या हाती शिट्टी यायला अधिक काळ लागला. वेंडी टॉम्स १९९७ मध्ये इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमध्ये सहायक पंच झाल्या. त्याच लीगमध्ये मुख्य पंच म्हणून रिबेका वेल्श यांचे पाऊल पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. त्याआधी जर्मनीत बिबियाना श्टाइनहाउस यांनी २०१७ मध्ये, तर पुरुषांच्या विश्वचषकात फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी २०२२ मध्ये ही सीमा ओलांडली होती. मार्गदर्शकांत होप पॉवेल १९९८ मध्ये इंग्लंडच्या स्त्री संघाच्या पहिल्या पूर्णवेळ प्रशिक्षक झाल्या; फ्रान्समध्ये कोरीन दियाक्र यांनी २०१४ मध्ये क्लेरमाँ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाची सूत्रे घेतली. कारभारात कॅरन ब्रेडी १९९३ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी बर्मिंगहॅम सिटीच्या व्यवस्थापकीय संचालक बनल्या, तर सेनेगलच्या फातमा सामुरा २०१६ ते २०२३ या काळात फिफाच्या महासचिव होत्या. ही नावे अभिमानाने सांगितली जातात. परंतु प्रत्येकीच्या नावामागे ‘पहिली’ हे विशेषण लावावे लागते, यातच त्या पदांचे दुर्भिक्ष स्पष्ट होते.

हे दुर्भिक्ष केवळ प्रतिष्ठेचे नाही. २० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनीत स्पेनच्या स्त्रियांनी विश्वचषक जिंकला आणि पदकप्रदानाच्या वेळी त्यांच्याच महासंघाच्या अध्यक्षाने जेनी एर्मोसो यांचे संमतीवाचून चुंबन घेतले. सहखेळाडूंनी तो अध्यक्ष असेतो राष्ट्रीय संघात न खेळण्याचा निर्धार केला, त्याला पद सोडावे लागले, आणि २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने त्याला लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून दंड केला. मैदानावर सर्वोच्च पद गाठलेल्या खेळाडूंनाही कारभाराच्या खोलीत कोण बसले आहे, याची झळ कशी पोचते, हे त्या प्रसंगाने जगाला दाखविले.

भारतातील चित्र याहून वेगळे असले, तरी प्रश्न तोच आहे. येथे कोणी बंदी घातली नाही; उपेक्षा पुरेशी होती. १९७५ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९८० मध्ये कालिकत येथे व १९८३ मध्ये बँकॉक येथे भारतीय स्त्रिया आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. १९८३ चा अर्जुन पुरस्कार बंगालच्या शांती मलिक यांना मिळाला. तो मान पुन्हा एका स्त्री फुटबॉलपटूला, मणिपूरच्या ऐनम बेमबेम देवी यांना, मिळायला २०१७ साल उजाडावे लागले. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्त्रियांचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला. पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. स्त्रियांची २०१७ मध्ये. मधल्या काळात रेल्वे आणि पोलीस दल यांच्या नोकऱ्यांनी येथील खेळाडूंना जगविले. बेमबेम देवी स्वतः मणिपूर पोलीस दलात होत्या. लिली पार यांचे रुग्णालय आणि बेमबेम देवी यांचे पोलीस दल यांत काळाचे अंतर मोठे आहे. व्यवस्थेचे अंतर तितके मोठे नाही. २०२० मध्ये ङांगोम बाला देवी यांनी स्कॉटलंडच्या रेंजर्स संघाशी करार केला, तेव्हा परदेशी संघाशी व्यावसायिक करार करणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख झाला. गोव्याच्या मेमॉल रॉकी २०१७ ते २०२१ या काळात भारतीय स्त्री संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या, तर गोव्याच्याच उवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डन येथील १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून काम केले.

२०२२ च्या ऑगस्टमधील एक घटना या सर्व इतिहासाचे सार सांगते. अखिल भारतीय महासंघाच्या कारभारातील वादामुळे फिफाने भारताला निलंबित केले. लीगचा विजेता गोकुलम केरळ हा स्त्रियांचा संघ त्या वेळी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. वादात या खेळाडूंचा काही संबंध नव्हता. त्यांना न खेळताच परत यावे लागले. २६ ऑगस्टला निलंबन उठले, तोवर त्यांची संधी हुकली होती. ऑक्टोबरमधील मुलींचा विश्वचषक मात्र वाचला आणि त्याचे सामने भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे झाले. जुलै २०२५ मध्ये चियांग माय येथे थायलंडला २-१ असे हरवून भारतीय स्त्रियांनी पात्रता फेरीतून आशियाई चषकात प्रथमच प्रवेश मिळविला. त्या विजयाचे मोल ताश्कंदच्या त्या परतीच्या प्रवासाशेजारी ठेवूनच समजते.

प्रेस्टनच्या कामगार स्त्रियांनी मागितलेले दहा शिलिंग ही त्यांच्या कौशल्याची किंमत नव्हती. खेळण्यासाठी दिलेल्या वेळेची ती भरपाई होती. स्त्रीच्या वेळेला किंमत असते, हे मान्य करायला एका संघटनेला अर्धे शतक आणि एका व्यवसायाला शतकाहून अधिक काळ लागला. मैदाने आता खुली झाली आहेत. ती कोणाच्या एका ठरावाने पुन्हा बंद होणार नाहीत, याची हमी मात्र ठराव करणाऱ्या खोलीत त्या स्वतः बसतील तेव्हाच मिळेल.